लिथियमनंतर कोणती बॅटरी? दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत बॅटऱ्यांचं दुकान सुरू करून मला बावीस वर्षं झाली. आधी ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, मग फवारणी पंपांच्या, आता ई-रिक्षा आणि स्कूटरच्या. पूर्वी गिऱ्हाईक आलं की भाव आणि वॉरंटी विचारायचं. आता आधी विचारतं, "भाऊ, मिठाची बॅटरी येणार म्हणे, थांबू का?" काउंटरवर उभं राहून याचं पूर्ण उत्तर देता येत नाही, मागे तीन माणसं खोळंबलेली असतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सवडीने घेतले आहेत.

बॅटरीत वीज साठते का?

वीज म्हणून साठत नाही. चार्ज करताना आपण आतल्या रसायनांना त्यांच्या मूळ स्थितीतून ढकलून दुसऱ्या स्थितीत नेतो. लोड लावला की ती परत फिरतात आणि त्या परतीच्या वाटेवर वीज मिळते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हे डोळ्यांनी दिसतं. हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडचा घट्टपणा मोजणाऱ्या नळीने, ॲसिड ओढलं की भरलेल्या बॅटरीत आकडा १२४० ते १२५० दिसतो, उतरलेल्या बॅटरीत ११५० च्याही खाली जातो. मधलं ॲसिड गेलं कुठे? ते सल्फेट होऊन प्लेटांवर जाऊन बसलं. चार्ज केलं की पुन्हा पाण्यात येतं.

लिथियममध्ये असंच काहीसं चालतं, फक्त तिथे लिथियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, एका बाजूच्या थरांमधून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात. नवीन बॅटरीचा शोध म्हणजे दोन्ही बाजूंना काय ठेवायचं, मधून कोण ये-जा करणार आणि कशातून करणार, याचा शोध. पुढची सगळी नावं यातूनच निघाली आहेत.

आहे त्या बॅटऱ्यांत वाईट काय आहे, की पर्याय शोधावा?

लेडची, म्हणजे शिशाची, बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. इतकी जुनी गोष्ट अजून प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये बसते, कारण ती स्वस्त आहे, मारहाण सोसते आणि गावातला मेकॅनिकही तिला ओळखतो. पण किलोमागे तिच्यात जेमतेम ३० ते ४० वॅट-तास (साठलेल्या विजेचं माप) मावतात. १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) ट्युब्युलर बॅटरी दोघांशिवाय उचलत नाही. अर्धवट चार्ज ठेवली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि बॅटरी बसते. आणि शिसं हे विष आहे. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात बोलतो, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्यामुळेच मोबाइल खिशात मावला. पण तिच्या काही प्रकारांना कोबाल्ट लागतं, आणि जगातलं बहुतेक कोबाल्ट एकट्या काँगोतून येतं. तिथल्या छोट्या खाणींत लहान मुलं राबतात, हे जगाला माहीत आहे.

लिथियमचा एक मोठा साठा चिलीच्या अटाकामा वाळवंटात आहे. तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या खाचरांत टाकतात आणि वर्षभर किंवा जास्तच उन्हात आटवतात. वाळवंटातलं पाणी असं हवेत सोडायचं! २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण पाहिले आहेत. तिथल्या गावकऱ्यांना काय वाटत असेल, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे जम्मूतल्या रियासीमध्ये ५९ लाख टनांचा साठा असल्याचा प्राथमिक अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. पण पहिल्या लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. म्हणजे आज तरी आपण लिथियमसाठी बाहेरच्यांवर अवलंबून आहोत.

आमच्या भागात बॅटरी लवकर का बसते? कंपनी सांगते पाच वर्षं, इथे तीनही होत नाहीत.

ऊन, हे त्याचं पहिलं कारण.

बॅटरीची मापं साधारण २५ अंशांवर घेतलेली असतात. लेडच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा, की त्याच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४३-४४ अंश असतं. पत्र्याखालच्या खोलीत, जिन्याखाली, किंवा गच्चीवरच्या लोखंडी पेटीत किती असेल, ते हात लावून बघा. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि उघडी पडलेली प्लेट पुन्हा पूर्ण कामाला येत नाही.

लिथियमचं दुखणं थोडं वेगळं. बहुतेक सेलच्या कागदावर लिहिलेलं असतं, वापर ६० अंशांपर्यंत, पण चार्जिंग ४५ अंशांपर्यंतच. ही ओळ मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट ठेवून वाचायला लावतो. दुपारी दोनला उन्हातून तापून आलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावली तर आतला सेल त्या मर्यादेच्या पुढे असू शकतो. चांगल्या पॅकमधला बीएमएस, म्हणजे सेलवर पहारा ठेवणारी सर्किटची पट्टी, चार्जिंग थांबवतो. स्वस्त पॅकमध्ये तापमान मोजणारी ती बारीक वायरच नसते. मागच्या उन्हाळ्यात एक पॅक उघडला, तर वायर होती, पण सेलला चिकटवलेलीच नव्हती. प्लास्टिकच्या कडेला मोकळी लोंबत होती. ती कसलं तापमान मोजणार होती?

म्हणून नव्या बॅटरीची बातमी आली की मी आधी शोधतो, ४५ अंशांवर ती किती वर्षं टिकते. बातमीत एका चार्जमध्ये किती किलोमीटर एवढंच असतं. आपल्यासाठी पहिला प्रश्न उन्हाचा आहे.

लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या सारख्याच का?

मुळीच नाही. दुकानात मुख्यतः दोन येतात. एनएमसीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं. ती हलकी असते आणि जास्त साठवते. दुसरी एलएफपी, तिच्यात लोखंड आणि फॉस्फेट असतं. ती थोडी जड, पण जास्त टिकणारी आणि शांत. एलएफपीचा रस्ता गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये निघाला. त्या शोधनिबंधावर त्यांच्यासोबत पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावं आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

ती शांत का? फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. सेल तापला तरी तो सहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून खाद्य मिळत नाही. एनएमसीत तो लवकर सुटतो. एलएफपी पेटतच नाही असं मात्र कुणी सांगत असेल तर ऐकू नका. चुकीचा चार्जर आणि ठेचलेला सेल कुठल्याही बॅटरीला धोक्यात आणतात.

उद्याचा पर्याय शोधताना लोक हा आजचा पर्याय विसरतात. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, आणि ती मिळते.

मिठाची बॅटरी म्हणजे काय? ती खरंच येणार का?

सोडियम-आयन बॅटरी. त्यात खायचं मीठ भरलेलं नसतं, पण मिठात असतो तोच सोडियम तिच्यात ये-जा करतो. सोडियमचा तुटवडा जगात कुठेच नाही. लिथियमच्या खालोखाल सगळ्यात जास्त आशा मला हिच्याकडून आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड आणि आकाराने मोठा. लिथियम ज्या ग्राफाइटच्या थरांत आरामात शिरतो, तिथे सोडियमची सोय होत नाही. म्हणून हार्ड कार्बन नावाचा वेड्यावाकड्या रचनेचा कोळसा वापरावा लागतो. हा कोळसा नारळाच्या करवंट्यांपासून बनतो, आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवण्याचे प्रयोगही चालू आहेत. दरवर्षी बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले बघतो तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

फायदा आणखी एक. लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला तांब्याची पट्टी लागतेच, कारण लिथियम ॲल्युमिनियमशी मिसळतो. सोडियम मिसळत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. ते स्वस्तही आणि हलकंही. शिवाय सोडियमचा सेल पूर्ण शून्यावर आणून ठेवता येतो. लिथियमचा सेल असा रिकामा केला तर तो बिघडतो. वाहतुकीत आणि गोदामात यामुळे मोठी निश्चिंती मिळते.

चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये किलोला १६० वॅट-तासांची सोडियम बॅटरी दाखवली, आणि २०२५ मध्ये १७५ ची. म्हणजे ती एलएफपीच्या जवळ आली आहे. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेसोबत काम करून डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचं सोडियम तंत्र मांडलं. रिलायन्सने ब्रिटनमधली फॅराडियन ही सोडियमची कंपनी विकत घ्यायचं २०२१ च्या शेवटच्या दिवशी जाहीर केलं होतं.

मग दुकानात का दिसत नाही? एक कारण भाव. २०२२ च्या अखेरीस लिथियम आभाळाला टेकलं होतं, तेव्हा सगळे सोडियमकडे धावले. पुढच्या दोन वर्षांत लिथियम जोरात कोसळलं आणि सोडियमची स्वस्ताई झाकली गेली. दुसरं कारण व्होल्टेज. एलएफपीचा सेल बराच वेळ ३.२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. सोडियमचा सेल रिकामा असताना दीड-दोन व्होल्टवर, भरल्यावर चारच्या जवळ. तुमचा आजचा इन्व्हर्टर एवढा चढउतार सोसत नाही, तो मध्येच लो बॅटरी दाखवून बंद पडेल. म्हणजे बॅटरीसोबत इन्व्हर्टर आणि चार्जरही नवे लागणार.

सोडियम थंडीत फार चांगली चालते, अशी जाहिरात होते. खरं आहे, लडाखला तिचा उपयोग होईल. आपल्या मे महिन्यात तिची परीक्षा अजून व्हायची आहे.

सॉलिड स्टेट बॅटरी आली की पेट्रोल संपणार का?

लिथियमच्या सेलमध्ये आयन ज्या द्रवातून जातात तो पेट घेणारा असतो. त्याच्या जागी घन पदार्थ ठेवला तर आग लागण्याचा धोका कमी होतो आणि शुद्ध लिथियमचा पातळ थर वापरून जास्त साठवण मिळते. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी, की दोन घन पृष्ठभाग एकमेकांना नीट चिकटून राहत नाहीत, आणि चार्ज करताना लिथियमचे सुईसारखे काटे वाढून तो थर भेदतात. टोयोटाने २०२७-२८ च्या सुमाराला गाडीत आणण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. आधी महागड्या मोटारींत येईल. परभणीच्या ई-रिक्षात यायला बराच काळ जाईल.

टाक्यांमधली बॅटरी असते म्हणे?

असते. तिला फ्लो बॅटरी म्हणतात. दोन मोठ्या टाक्यांत व्हॅनेडियम या धातूचे द्राव, पंपाने ते मधल्या पडद्याजवळून फिरवायचे. जास्त तास वीज हवी असेल तर टाकी मोठी करायची. ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलास-कझाकॉस यांनी १९८० च्या दशकात ती उभी केली. चीनमधल्या दालियान शहरात २०२२ मध्ये १०० मेगावॅटची सुरू झाली. ती पेटत नाही आणि द्राव वर्षानुवर्षं टिकतो.

पण साध्या व्हॅनेडियमच्या द्रावाला १० ते ४० अंश एवढीच हवा मानवते. चाळिशीच्या पुढे त्यात खडे धरू लागतात आणि नळ्या तुंबतात. म्हणजे आपल्याकडे ती थंड ठेवायला वेगळी सोय करावी लागेल. सबस्टेशनला ते जमेल, घराला नाही.

लोखंडाच्या गंजावर वीज साठते, हे खरं का?

खरं आहे. लोखंड गंजताना वीज देतं, आणि वीज दिली की गंजाचं पुन्हा लोखंड होतं. एडिसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निकेल-लोखंडाची बॅटरी काढली होती, आणि ती दणकट म्हणून नावाजली गेली. आता अमेरिकेतली फॉर्म एनर्जी कंपनी लोखंड-हवा बॅटरी बनवते, जी सलग १०० तास वीज देऊ शकते. तिचा कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्या वीर्टन या जुन्या पोलादनगरीत आहे. मात्र टाकलेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपासच परत मिळते, आणि ती फार अवजड असते. चार दिवस ढग राहिले तर सौर वीज कुठून आणायची, या प्रश्नाला ती उत्तर देते. एका रात्रीच्या लोडशेडिंगसाठी ती नाही.

झिंक, ॲल्युमिनियम, सल्फर यांचं काय?

झिंक स्वस्त आणि सुरक्षित, पण चार्ज करताना त्यालाही काटे फुटतात. ॲल्युमिनियम-हवा बॅटरीवर इंडियन ऑइल आणि इस्रायलची फिनर्जी काम करत आहेत. ती सॉकेटला लावून चार्ज होत नाही, प्लेट बदलावी लागते. लिथियम-सल्फर कागदावर सगळ्यांना मागे टाकते, पण सल्फर द्रवात विरघळून इकडून तिकडे भटकतो आणि थोड्याच फेऱ्यांत ती कमजोर होते.

शासनाच्या सौर पंपाला बॅटरी का देत नाहीत?

कारण गरज नाही. ऊन असताना पंप चालतो आणि पाणी शेततळ्यात किंवा हौदात चढतं. ते चढलेलं पाणी म्हणजेच तुमची साठवण. ते बसत नाही, त्याला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही. आपली माणसं वर्षानुवर्षं रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला गेली, अंधारात साप-विंचवावर पाय पडला, माझ्या नात्यातला एक तरुण त्यातच गेला. म्हणून दिवसा पाणी मिळणं मला कुठल्याही नव्या बॅटरीपेक्षा मोठं वाटतं.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावरही चालते. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा जो वीजसंच आहे, तो उलटा फिरून पाणी वर चढवण्याच्या रचनेचा आहे. विजेची रेलचेल असताना पाणी वर न्यायचं, तुटवड्यात खाली सोडायचं. आपल्या दाराशी असलेली ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. अर्थात नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी असेल तरच, आणि दुष्काळात पिण्याचं पाणी आधी.

बॅटरीवर "मेड इन इंडिया" असतं. मग बाहेरून काय येतं?

पॅक इथे जोडतात, आतले सेल बहुतेक बाहेरून येतात. सेल इथेच बनावेत म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना काढली, लक्ष्य ५० गिगावॅट-तासांचं. ते काम रखडत चाललं आहे. एथर कंपनीने २०२४ मध्ये बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत ई-स्कूटरचा कारखाना जाहीर केला, तेव्हा आमच्याकडच्या आयटीआयच्या पोरांना आशा वाटली. मलाही वाटते.

मग नवीन बॅटरीसाठी थांबू की आत्ता घेऊ?

गरज असेल तर घ्या. २०१० मध्ये लिथियम पॅक किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ वर आला. आणखी उतरेल, पण वाट बघत तुमची फवारणी थांबणार नाही.

फवारणी पंपाचंच उदाहरण घ्या. १२ व्होल्ट ८ एएचची लेडची बॅटरी सव्वादोन किलोच्या आसपास भरते. त्याच मापाची एलएफपी किलोभराची. आधीच पाठीवर सोळा लिटरची टाकी असते. कपाशीच्या चिखलात दिवसभर फिरणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून एक किलो उतरला, तर संध्याकाळी तो वेगळ्या चालीने घरी येतो. मागच्या खरिपात पिंगळीकडचे एक मामा पहिल्यांदा एलएफपी बसवून गेले. आठवड्याने मुद्दाम वाकडी वाट करून दुकानात आले, पट्ट्याचा वळ कमी झाला म्हणून खांदा दाखवायला.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढून लिथियम लावली तर चालेल?

इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग असेल तरच. लेडसाठीचे काही चार्जर अधूनमधून १५ व्होल्टच्या वर जातात, चार सेलच्या एलएफपीला १४.६ च्या पुढे नेऊ नये. हिशोब असा करा: १५० एएचची लेडची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, पण टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. १०० एएचची एलएफपी १२८० ची, त्यातले हजार सहज वापरता येतात. म्हणजे १०० एएचची पुरते. पहिला खर्च जास्त आहे. ज्यांच्याकडे लाईट दिवसातून दोन-चार तास जाते त्यांना तो परवडतो, ज्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाते त्यांनी लेडच ठेवावी. मी त्यांना लेडच विकतो.

जुन्या बॅटरीचं काय करायचं? भंगारवाला चांगला भाव देतो.

शिशाला भाव आहे म्हणूनच तो देतो. पण पुढे ती बॅटरी कुठे जाते ते बघा. माझ्या ओळखीच्या एका भंगाराच्या वाड्यात कोयत्याने बॅटऱ्या फोडायचे आणि ॲसिड मागच्या मोकळ्या जागेत ओतायचे. तिथे कित्येक पावसाळे गवत उगवलं नाही. प्लेटा उघड्या भट्टीत वितळवायचे, त्या धुरात शेजारची पोरं खेळायची. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. त्या पोरांना हाका मारून मी घरी पाठवायचो, पण धूर घरातही जात होता.

लिथियमच्या बाबतीत एक अवघड गोष्ट आहे. कोबाल्ट महाग, म्हणून जुन्या एनएमसीला घेणारे मिळतात. एलएफपीत आणि सोडियममध्ये महागडं काहीच नाही, म्हणून त्या परत घेण्यात कुणाला गोडी नाही. बॅटरी जितकी स्वस्त वस्तूंची, तितकी ती कचऱ्यात जाण्याची भीती जास्त. नव्या बॅटऱ्यांच्या बातम्यांत याबद्दल फार कमी येतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करून नीट मार्गी लावण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच जमा करा आणि ती बिलावर लिहून घ्या.

फुगलेला लिथियम पॅक मात्र पिशवीत घालून एसटीने आणू नका. त्याला चार्जरपासून तोडा, घराबाहेर सावलीत कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवा, आणि आधी फोन करा. आम्ही येऊन नेतो.